‘ग्राह्य’ या शब्दाशी माझी पंधरा महिन्यांची ओळख

‘अंतिम तारखेनंतर आलेले अर्ज ग्राह्य धरले जाणार नाहीत.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी शंभरदा वाचलं असेल, भरतीच्या जाहिरातीत, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, रेशनच्या फॉर्मवर. ‘ग्राह्य’ शब्दाशी माझा संबंध तेवढाच होता. बोलताना तर मी ग्राह्य आणि गृहीत यांची सर्रास सरमिसळ करायचे, ‘मला ग्राह्य धरू नकोस हं’ असं नवऱ्याला अनेकदा सुनावलंय, म्हणायचं असायचं गृहीत. मग सप्टेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५ असे पंधरा महिने कोर्टात गेले आणि त्यातले निम्मे तरी या एका शब्दापायी गेले. आता निकाल लागलाय, डोकं शांत आहे, म्हणून सगळं लिहून काढतेय. दुसरं कोणी याच जागी अडकलं असेल तर त्याला निदान पुढं काय येणारे ते कळेल. मी वकील नाहीये, माझ्या केसमध्ये जे झालं तेवढंच लिहितेय.

तर प्रकरण साधं होतं, हातउसने पैसे. ऑफिसमधल्या एकाला, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मार्च २०२२ मध्ये एक लाख बँकेतून ट्रान्सफर केले, मे महिन्यात पन्नास हजार यूपीआयने आणि ऑगस्टमध्ये साठ हजार रोख दिले, ते पण ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या. एकूण दोन लाख दहा हजार. कागद काहीच नाही. इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्लेला माणूस, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं, असं तेव्हा वाटलं होतं. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं, त्याने नोकरी बदलली, फोन उचलणं कमी झालं आणि एक दिवस बंदच झालं.

पण मी निर्धास्त होते, कारण माझ्याकडे मेसेज होता. रोख दिले त्याच रात्री मी विचारलं होतं, ‘साठ नीट मोजलेस ना?’ आणि त्याचं उत्तर होतं, ‘हो ग ते साठ पण मिळाले, दिवाळीनंतर सगळे उसने एकदम देतो.’ याहून जास्त काय लागतं! शिवाय २०२३ मधलं एका फोन कॉलचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्यात तो चक्क म्हणतोय की तुझे दोन लाख दहा माझ्या लक्षात आहेत.

जुलै २०२४ मध्ये वकिलांकडे गेले. साठीतले गृहस्थ, बोलणं सावकाश. मी फोन पुढे केला, त्यांनी चष्मा वर करून मेसेज वाचला, दोनदा वाचला आणि म्हणाले, “ताई, हे खरं आहे यात मला शंका नाही. पण ग्राह्य होईल का ते बघावं लागेल.”

मी म्हटलं, “खरं आहे तर ग्राह्य का नाही होणार?”

ते हसले. नंतर कळलं की हा प्रश्न त्यांना आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. कोर्टापुढे काहीही आणलं तरी पहिला प्रश्न असतो की ही वस्तू वाचायला घ्यायची का. कायदा ज्याला आत येऊ देतो तो ग्राह्य पुरावा. आत आल्यावर मग तो शाबीत होतो का, त्याला वजन किती, विश्वास किती ठेवायचा, हे सगळं पुढचं. त्यामुळे एखादी गोष्ट शंभर टक्के खरी असूनही बाहेर राहू शकते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही हे आपल्याला बातम्यांमधून माहीत असतं, ते याच जातीचं. कबुली खरी असेलही, पण पोलिसांपुढची कबुली मारून-मुटकून घेतलेली असू शकते म्हणून कायद्याने ते दारच बंद ठेवलंय, आधीच्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, नवीन कायद्यात २३ आहे. आणि बातमीत ‘न्यायालयाने पुरावा ग्राह्य धरला’ असं आलं की आपण समजतो केस जिंकली, तसंही नसतं, तो पुरावा फक्त आत आलेला असतो.

नवऱ्याचं पण तिथेच झालं. तो तावातावाने म्हणाला मी साक्ष देतो, मला सगळं माहितीय. वकिलांनी विचारलं, रोख रक्कम देताना तुम्ही होतात का? नव्हता. त्याच्याशी तुम्ही स्वतः बोललात का? नाही. मग कसं माहीत? “हिने सांगितलं.” झालं, ऐकीव पुरावा. मी सांगितलं म्हणून त्याला माहीत, तर कोर्ट म्हणणार सांगणारीलाच साक्षीला आणा. घरी येईपर्यंत तो गप्प होता, मग म्हणाला, म्हणजे वीस वर्षांचा संसार अग्राह्य.

आधी नोटीस पाठवली, रजिस्टर पोस्टाने, दीड हजार रुपये वकिलांची फी. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की बँकेतून आलेले दीड लाख हे त्यानेच पूर्वी मला दिलेल्या पैशांची परतफेड होती आणि साठ हजार वगैरे काही घेतलेच नाहीत. वाचून हात थरथरत होते. रागापेक्षा लाज जास्त वाटली, की आपण किती मूर्ख. पण त्या उत्तराचा एक फायदा झाला, सगळं भांडण कुठे येऊन थांबणार ते स्पष्ट झालं. बँकेचं स्टेटमेंट पैसे गेले एवढंच सांगतं, कशासाठी गेले ते सांगत नाही, आणि साठ हजारांचा तर कुठेच माग नाही. म्हणजे अख्खी केस त्या एका मेसेजवर, त्यातल्या ‘साठ’ आणि ‘उसने’ या दोन शब्दांवर.

२३ सप्टेंबर २०२४ ला दावा दाखल केला. उसन्या पैशांच्या वसुलीला मुदत तीन वर्षांची असते, पैसे दिले त्या दिवसापासून, त्यामुळे मी आणखी सहा महिने ‘देईल देईल’ करत बसले असते तर पहिला लाख मुदतीबाहेर जायला लागला असता. हे मला माहीतच नव्हतं. कोर्ट फी रकमेवर ठरते, ती वेगळी. वकिलांनी फी तीस हजार सांगितली, तीन हप्त्यांत.

आता तारीख लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे आहे. १ जुलै २०२४ पासून १८७२ चा जुना पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ लागू झाला. जे दावे त्या दिवशी आधीच चालू होते ते जुन्या कायद्याने चालतात, नंतरचे नव्याने. माझा दावा नंतरचा. पण सवयी जुन्याच, वकिलांच्या, टायपिस्टच्या, सगळ्यांच्या.

समन्स लागायला दोन महिने गेले. पहिल्यांदा बेलिफ गेला तेव्हा घराला कुलूप, दुसऱ्यांदा घेतलं. मग त्याने वकील दिला, मुदत मागितली, पुन्हा मागितली, जानेवारीत कैफियत, म्हणजे दाव्याला त्याचं लेखी उत्तर, आली, फेब्रुवारीत मुद्दे, म्हणजे कोर्टाने कोणते प्रश्न ठरवायचे ते, काढले. या काळात मी दर तारखेला जायचे, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचे आणि दोन मिनिटांत पुढची तारीख घेऊन परत यायचे. वकील म्हणायचे ताई तुम्ही यायची गरज नाही, पण मला घरी बसवायचं नाही.

तिथल्या बाकावर एक काका भेटायचे, त्यांची जमिनीची केस. त्यांचा कागद कमी किमतीच्या स्टॅम्पवर लिहिलेला होता. त्यांना पण हाच शब्द शिकावा लागला होता. स्टॅम्प कमी असेल तर कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही, उरलेलं मुद्रांक शुल्क आणि वर दंड भरा, मग या. ते म्हणाले, “कागद खरा, सही खरी, साक्षीदार अजून जिवंत, तरी सरकारचे पैसे भरल्याबिगर तो मुका.” मला त्यांचं ते ‘मुका’ फार आवडलं. वकील लोक ‘पुराव्यात वाचता येणार नाही’ म्हणतात त्याचा अर्थ तोच, कागद समोर आहे पण कोणी तो वाचणार नाही.

मार्चमध्ये माझ्या सरतपासाच्या शपथपत्राची तयारी सुरू झाली. हल्ली सरतपास तोंडी घेत नाहीत, आपलं सगळं म्हणणं शपथपत्रावर लिहून द्यायचं आणि मग समोरचा वकील उलटतपास घेतो. त्यासोबत पुरावे. बँकेचं स्टेटमेंट मी नेट बँकिंगवरून काढून नेलं तर म्हणाले हे नको, शाखेतून सही-शिक्क्याचं आणि दाखल्यासकट आणा. बँकांच्या हिशोबाच्या वह्यांसाठी १८९१ चा वेगळा कायदा आहे, बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, त्याखाली बँक दाखला देते की ही नोंद आमच्या पुस्तकातली आहे, मग मॅनेजरला साक्षीला यावं लागत नाही. शाखेत गेल्यावर काउंटरवरच्या मुलीला कळेना मला काय हवंय, आतल्या एका जुन्या अधिकाऱ्यांनी लगेच ओळखलं, “कोर्टाला द्यायचंय का? मग तसं अर्जात लिहा.” तसं लिहिलं, चार दिवसांत मिळालं. अर्जात ‘कोर्टात दाखल करण्यासाठी’ हे तीन शब्द नसते तर बहुतेक साधं स्टेटमेंट घेऊन परत आले असते.

चॅटची गंमत पुढे. मी मोठ्या उत्साहाने त्रेचाळीस स्क्रीनशॉट काढले आणि वकिलांच्या ज्युनिअरला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले. त्याने ते डाउनलोड करून प्रिंट काढल्या, पेनड्राइव्हवर टाकले, टायपिस्टने कॉम्प्युटरमधला तयार नमुना उघडून ‘कलम ६५-ब चे प्रमाणपत्र’, म्हणजे ही प्रत कोणत्या यंत्रावरून कशी काढली ते सांगणारं, जुन्या कायद्यातलं, काढलं, मी सही केली आणि २१ एप्रिल २०२५ ला सगळं दाखल झालं. प्रिंटचे सहाशे चाळीस, पेनड्राइव्हचे साडेतीनशे.

समोरच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली. एक, प्रमाणपत्र रद्द झालेल्या कायद्याचं आहे. दोन, नवीन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग लागतात, भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने, इथे तज्ज्ञाचा पत्ताच नाही. तीन, हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून बघायची खूण, नाही.

मी मागे उभी होते, मला वाटलं संपलं. न्यायाधीश मॅडमनी हरकत लिहून घेतली आणि चॅटच्या प्रिंटवर निशाणी क्रमांक न टाकता ‘आर्टिकल’ म्हणून खूण केली. बाहेर आल्यावर वकिलांनी सांगितलं की आपल्याकडे कागदाला निशाणी क्रमांक मिळाला म्हणजे तो पुराव्यात आला, आर्टिकल म्हणजे ओळखीपुरतं, अजून उंबऱ्यावर आहे. वकील स्वतःवरच चिडले होते. चूक त्यांच्या ऑफिसची हे त्यांनी सरळ कबूल केलं, त्यामुळे माझा राग तिथेच विरघळला.

मग कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर त्यांनी मला जालन्याची गोष्ट सांगितली. २०१४ ची विधानसभा निवडणूक, जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले, फरक २९६ मतांचा. हरकत अशी की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसमधलं कॅमेऱ्याचं चित्रीकरण. चित्रीकरण सरकारी, कॅमेरा सरकारी, आणि प्रमाणपत्र मात्र कोणी अधिकारी देईना, मागून मागून थकले. शेवटी सुप्रीम कोर्टात १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, पण प्रत आणायची असेल, सीडी, पेनड्राइव्ह, प्रिंट, तर प्रमाणपत्र सक्तीचं. मात्र ज्याने मिळवण्याचे सगळे प्रयत्न केले आणि तरी दिलं गेलं नाही त्याला त्यातून सूट, कारण अशक्य ते कर असं कायदा म्हणत नाही. आणि माझ्या कामाचं वाक्य, खटला संपायच्या आत प्रमाणपत्र नंतरही देता येतं.

त्याआधी या एका कागदावरून सुप्रीम कोर्टाचीच मतं बदलत गेली होती म्हणे. २००५ ला संसद हल्ल्याच्या केसमध्ये प्रमाणपत्राशिवाय चालेल, २०१४ ला अन्वर विरुद्ध बशीर मध्ये चालणार नाही, २०१८ ला काही वेळा चालेल, आणि मग २०२० ला जालना. हे ऐकून मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या माणसांचं एकमत व्हायला पंधरा वर्षं लागली तर आमचा टायपिस्ट चुकला यात काय नवल.

मे महिना कोर्टाची सुट्टी. त्या सुट्टीत मी तज्ज्ञ शोधत होते. कायदा तज्ज्ञ म्हणतो, पण आमच्यासारख्यांनी तो कुठून आणायचा हे कोणी नीट सांगत नव्हतं. ओळखीतल्या एका कॉम्प्युटरच्या प्राध्यापकांना विचारलं तर म्हणाले सही करायला हरकत नाही पण कोर्टात उभं राहायला बोलावलं तर मी येणार नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्याने तर दोनशे रुपयांत लिहून देतो म्हटलं! शेवटी वकिलांच्या ओळखीने सायबर फॉरेन्सिकचं काम करणारे एक गृहस्थ मिळाले, नऊ हजार रुपये घेतले, साक्षीला यावं लागलं तर वेगळे.

त्यांच्या टेबलावर माझ्या अज्ञानाचं पोस्टमॉर्टेम झालं. पहिला प्रश्न, मूळ फोन कुठाय? मूळ फोन, म्हणजे ज्यावर तो मेसेज २०२२ ला आला तो, कपाटात पडून होता. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं, चालूच होत नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये नवीन फोन घेतला तेव्हा बॅकअपमधून चॅट इकडे आलं होतं. भाग अ मध्ये फोनची कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय नंबर असं सगळं भरायचं असतं आणि त्या काळात यंत्र नीट चालत होतं असंही सांगायचं असतं. ते म्हणाले प्रत ज्या फोनवरून काढतोय त्याची माहिती द्या, जुन्या फोनचं जे झालं ते तसंच लिहा, बॅटरी फुगली, फोन बदलला, बॅकअपमधून घेतलं, तारखेसकट, लपवलंत तर तेवढंच धरून बसतील.

मग हॅश. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा, फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावरून गणित करून निघालेली एक लांब ओळ, एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर चौसष्ट अक्षर-आकड्यांची. फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं तरी अख्खी ओळ बदलते. त्यांनी माझ्या फोनमधला एक स्क्रीनशॉट घेतला, त्याचा हॅश काढला, मग एप्रिलमध्ये दाखल केलेल्या पेनड्राइव्हच्या प्रतीवरून तोच स्क्रीनशॉट घेतला. दिसायला दोन्ही सारखे, डोळे फाडून बघितलं तरी फरक नाही. हॅश पूर्ण वेगळे. कारण मी ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले होते आणि तिथे फोटो दाबून लहान होतो. म्हणजे कोर्टात होतं ते माझ्या फोनमधल्या फाइलचं दुबळं भावंड. तेव्हा पुरावा म्हणून काही पाठवायचं असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा सरळ केबल लावून कॉपी करा.

दुसरी चूक त्यांनीच दाखवली. माझ्या सगळ्या स्क्रीनशॉटवर त्याचं नाव दिसत होतं, मी सेव्ह केलेलं, नंबर कुठेच नाही. नाव तर मी काहीही सेव्ह करू शकते. मग कॉन्टॅक्टचं पान, ज्यात नंबर दिसतो, त्याचा वेगळा स्क्रीनशॉट काढला, पूर्ण चॅट एक्सपोर्ट केलं, मधले ‘हा मेसेज डिलीट केला’वाले पण तसेच ठेवले. मला माझे दोन-तीन रागातले मेसेज वगळायचे होते, फार वाईट बोलले होते मी एकदा. ते म्हणाले वगळायचं तर सगळंच वगळा. ठेवले.

२३ जूनला अर्ज दिला की नवीन प्रमाणपत्र आणि नवीन पेनड्राइव्ह रेकॉर्डवर घ्यावा. समोरून विरोध, उशीर झाला म्हणून. पाचशे रुपये खर्चावर अर्ज मंजूर झाला, म्हणजे ते पाचशे मी त्याला द्यायचे! दोन लाख दहा हजार ज्याने बुडवले त्याला वर पाचशे, असा हिशोब नवऱ्याने वहीत लिहून ठेवलाय. चॅटला निशाणी ३४ मिळाली, रेकॉर्डिंगला ३५. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावरची हरकत मात्र कायम राहिली, मॅडमनी लिहिलं की अंतिम युक्तिवादाच्या वेळी निर्णय होईल. असंच करतात म्हणे, दर हरकतीला थांबलं तर साक्ष कधीच संपणार नाही, म्हणून नोंदवायची आणि पुढे जायचं.

७ ऑगस्टला उलटतपास. आदल्या रात्री झोप नाही. वकिलांनी एवढंच सांगितलं होतं की विचारलं तेवढंच बोला, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर पाय लटपटतात हे खरंय.

“मोबाइलमधले स्क्रीनशॉट एडिट करता येतात हे खरं आहे का?”

“हो, करता येतात.”

समोरचे वकील क्षणभर थांबले, बहुतेक मी नाही म्हणेन असं धरून पुढचा प्रश्न तयार होता. मग रोख रकमेबद्दल, पार्किंगबद्दल, बॅटरीबद्दल. फोन मुद्दाम बिघडवला का, असंही विचारलं. आणि शेवटी ते ठरावीक, जे मॅडम स्टेनोला सांगत होत्या आणि मी माझ्याच कानांनी ऐकत होते, ‘हे म्हणणे खरे नाही की, निशाणी ३४ वरील संदेश मी बनावट तयार केले आहेत. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ मी फक्त “नाही, खरं नाही” म्हटलं होतं, त्याची अशी भारदस्त वाक्यं झाली. खाली सही करताना ती वाचून मला उगाच रडू आलं.

सप्टेंबरमध्ये त्याची साक्ष. नंबर माझा नाही असं म्हणाला. आमच्या वकिलांनी शांतपणे त्याच्या कैफियतीसोबतचं शपथपत्र पुढे केलं, त्यात पत्त्याच्या खाली त्यानेच मोबाइल नंबर लिहिला होता. तोच नंबर. मग मेसेज मी पाठवला नाही, फोन ऑफिसमध्ये कोणीही घ्यायचं, असं सुरू झालं. रेकॉर्डिंगमधला आवाज माझा नाही असंही.

रेकॉर्डिंगवर माझी फार भिस्त होती. चोरून केलेलं रेकॉर्डिंग चालत नाही अशी भीती सगळे घालतात, पण मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या मुंबईच्या केसपासून कोर्टाची भूमिका अशी आहे की संभाषण विषयाशी संबंधित हवं, आवाज ओळखता यायला हवा आणि छेडछाडीची शक्यता नसावी. युक्तिवाद नोव्हेंबरमध्ये झाला, १२ डिसेंबर २०२५ ला निकाल. दावा मंजूर, दोन लाख दहा हजार आणि व्याज. वकील म्हणाले पंधरा महिन्यांत निकाल म्हणजे नशीब समजा.

नक्कल मिळाल्यावर मी आधी निशाणी ३४ आणि ३५ शोधल्या. चॅट ग्राह्य, प्रमाणपत्राच्या दोन्ही भागांसह, आणि नंबर त्याच्याच शपथपत्राशी जुळतो, आणि ‘उसने’ हा शब्द परतफेडीच्या बचावाशी विसंगत. रेकॉर्डिंग पण ग्राह्य धरलं, आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय की आवाज नाकारलेला असताना तो त्याचाच आहे हे दाखवणारा दुसरा पुरावा नाही, मागे वाहनांचा गोंगाट आहे, सबब त्यावर भिस्त ठेवता येत नाही. ती अकरा मिनिटं आत आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. वर्षभर ज्याला मी हुकमी पत्ता समजत होते तो कामाला आलाच नाही, आणि रात्री झोपताना सहज विचारलेल्या ‘साठ नीट मोजलेस ना’ने काम केलं.

परवा एका मैत्रिणीने भावाला पैसे द्यायचेत म्हणून विचारलं तर मी तिला हातउसनवार पावतीच करायला लावली, रक्कम अक्षरी, तारीख, सही आणि एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. ती म्हणाली त्याला काय वाटेल. मी म्हटलं मला पण तेच वाटलं होतं.

पैसे अजून आलेले नाहीत. त्याने दिले नाहीत तर दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची, तो वेगळा अध्याय. फुगलेल्या बॅटरीचा फोन टाकून द्यावा म्हणून काढला होता, वकील म्हणाले अपील होणार नाही याची खात्री होईपर्यंत ठेवा. एका स्टीलच्या डब्यात घालून बाल्कनीत ठेवलाय, वर चिठ्ठी चिकटवलीय, ‘हात लावू नये’.